दोघांपुरते शिरवाळे

“तर मंडळी, हे झाले आपले कोकणी राइस नूडल्स,” ऋजुता कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, आणि भागीमावशीने हातातला झारा पातेल्याच्या काठावर टणकन आपटला.

ऋजुता दचकून मागे सरकली. मावशी चिडली, असं तिला वाटलं. तसं काही नव्हतं. उकळत्या पाण्यात सोडलेला पिठाचा गोळा वर तरंगला होता. गोळा वर आला की झारा एकदा आपटायचा आणि तो आवाज ऐकून साच्याखाली बसलेल्या शालनकाकीने ताट सरळ करायचं, असं त्या घरात अकरा वर्षं चालत आलं होतं. तोंडाने सांगायची सोय नव्हती. दोघी जावा, एकमेकींशी बोलत नव्हत्या.

चिडले होते ती मी.

२००१ साल, तुळशीच्या लग्नाची सकाळ. मी तेव्हा सावंतवाडीला एका जिल्हा दैनिकात बातमीदार होते. रोज संध्याकाळी सहाच्या आत बातम्या फॅक्सवर चढवायच्या, नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी संपादकाच्या पुढ्यात उभं राहायचं, अशी पाच वर्षं काढलेली. घटना, वेळ, ठिकाण, कोण काय म्हणालं, हे जसंच्या तसं टिपायचं आणि त्यात आपलं काही घालायचं नाही, याचा मला अभिमान होता. त्यामुळे मुंबईहून एका वाहिनीच्या पाककृतींच्या कार्यक्रमाची ही निवेदिका आली, आणि शिरवाळे अजून घरी होतात असं एखादं घर दाखवा म्हणाली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. घर माझ्या डोळ्यांपुढे होतंच. वेंगुर्ल्याकडे जाताना आमचं गाव लागतं, आणि गावात आमच्या घरापासून चौथं घर तुळसकरांचं. भागीमावशी माझ्या आईची लहानपणापासूनची मैत्रीण. नात्याने मावशी नव्हे, पण मला न्हाऊ घालणाऱ्या हातांत तिचेही हात होते.

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, पण सुकवून डब्यात भरायच्या नव्हेत. केल्या की गरम असताना खायच्या, गुळाच्या आणि नारळाच्या रसात बुडवून. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, दळायचे, त्या पिठाची उकड काढायची, ती मळून मुठीएवढे गोळे करायचे आणि ते उकळत्या पाण्यात शिजवायचे. शिजलेला गोळा चटके बसत असतानाच साच्यात घालायचा. साचा म्हणजे चार पायांची लाकडी घोडी. मधल्या भोकात पितळेची जाळी, वरून दट्ट्या, आणि दट्ट्यावर जोर द्यायला हातभर लांब दांडा. एकीने दांड्यावर अंगाचा भार टाकायचा, दुसरीने खाली बसून ताट फिरवत ठेवायचं, म्हणजे तार तुटत नाही आणि वेटोळं गोल पडतं. एकटीचं ते काम नव्हे. गोळा निवला, तर दहा माणसं लटकली तरी तार निघत नाही.

आणि म्हणूनच त्या दोघी वर्षातून एकदा एकत्र बसत.

१९९० साली तुळसकरांच्या दोन भावांनी घर वाटून घेतलं. मधोमध भिंत घातली. भाऊ भाऊ बोलत होते, एकमेकांकडे चहा पीत होते. त्या दिवशीही दोघं मिळून मांडवासाठी ऊस आणायला बाजारात गेले होते. अबोला होता तो बायकांत. वाटणीत तीन गोष्टी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. पुढचं खळं, म्हणजे शेणाने सारवलेलं अंगण, त्यातली तुळस, आणि सासूचा शिरवाळ्यांचा साचा. तुळशीच्या लग्नाला शिरवाळ्यांचा नैवेद्य ही त्या घराची रीत. तुळस एक, म्हणून नैवेद्य एक. साचा एक वर्ष हिच्या माळ्यावर, पुढलं वर्ष तिच्या. काम संपलं की जिची पाळी ती तो उचलून आपल्या दारातून आत नेई, एक अक्षर न बोलता. अगदीच अडलं, तर भागीमावशीची मुलगी हेमा होती. तेहेतीस वर्षांची, अंगणवाडीत सेविका, लग्न झालेलं नव्हतं. “हेमा, तुझ्या काकीक सांग, ताट वायच मागे घे म्हणान,” असं भागीमावशीने म्हणायचं, ते ऐकून काकीने ताट मागे घ्यायचं, आणि हेमाने मध्ये उभं राहून हसायचं.

अबोला कशावरून, ते गावाला पाठ होतं. शालनकाकीने आपली सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत घालताना भागीमावशीच्या दारापुढच्या खळ्यात पसरली. एवढ्यावरून अकरा वर्षं. गावातली माणसं लग्नकार्यात त्यावर हसत. कोणी चटई अंथरली, तर दुसरा म्हणे, जपून हो, तुळसकरणीची सोलं होतील.

मी मुंबईची माणसं घेऊन जाणार म्हटल्यावर आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली की ने हवं तर, पण त्या दोघींना काही विचारायचं नाही आणि मधे पडून शहाणपणा करायचा नाही. त्या दोन घरांत हा एक दिवस उरला आहे. तो मोडला, तर भिंत तेवढी राहील. मी म्हटलं की मला कळतं. आई म्हणाली, कळतं म्हणूनच सांगते.

त्या दिवशीची सकाळ तशी आधीच हातची जाता जाता राहिली होती. कुडाळ सोडल्यावर गाडीत ऋजुताने वेगळाच विषय काढला. समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी हाच पदार्थ करून दाखवायला तयार होता, मागे समुद्र दिसला असता, वीज होती, जागा मोकळी होती. खेड्यातल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात दोन बायका पीठ दाबतात, यात दाखवण्यासारखं काय आहे, असं तिने मला विचारलं. कॅमेरामन पाटकरही समुद्राच्या बाजूने होता. मी वीस मिनिटं बोलले. फाट्यावर गाडी समुद्राकडे न जाता आमच्या गावाकडे वळली, आणि मला वाटलं, जिंकले.

दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही खळ्यात उतरलो. पुढच्या दोन तासांत काय काय झालं, ते मी त्या वेळी वहीत लिहीत होते. वही अजून आहे.

प्रथम त्यांनी स्वयंपाकघर बदललं. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. प्लास्टिकच्या बरण्या काढल्या. अल्युमिनियमचं पातेलं बरं दिसत नाही म्हणून पितळेचं मागितलं. ते देवाच्या कामाचं आहे म्हणून भागीमावशीने दिलं नाही, तर ते नुसतं मागे मांडलं. शिरवाळ्यांत ज्याचं काडीचं काम नाही असा पाटा-वरवंटा ओढून साच्याशेजारी आणून ठेवला. हेमाला म्हणाले, सलवार-कमीज नको, नऊवारी नेसून या. हेमाने सांगितलं की नऊवारी तिच्या आजीची होती आणि आजी ती नेसून गेली. पाटकरला हसू आलं, ऋजुताला आलं नाही.

मग गोळे. भागीमावशीने बावीस केले होते, दोन्ही घरांना, नैवेद्याला आणि शेजारी चार दारांत वाटायला पुरतील एवढे. पहिला गोळा पाण्यातून निघाला, तेव्हा दिवा नीट लागला नव्हता. थांबायला सांगितलं. दुसरा साच्यात पडला, तेव्हा ऋजुताच्या कपाळावरची टिकली सरकली होती. तिसऱ्याला बाहेर कोंबडा आरवला. चौथ्याच्या वेळी ऋजुतालाच दांडा दाबायचा होता. तिने दोन बोटांनी धरून बघितला, मग हातांनी, मग कॅमेरा बंद करायला सांगून पोटाने. दट्ट्या जागचा हलला नाही.

“गोळो निवलो,” भागीमावशी म्हणाली. “निवलेलो गोळो आणि गेलेलो जावय मागे येणा नाय.”

शालनकाकी खाली मान घालून होती, पण तिचे खांदे हललेले मी पाहिले. जावेच्या बोलण्यावर ती हसली होती, आणि हसलेलं दिसू नये म्हणून ताट पुसत बसली होती. हे दरवर्षी होत असणार. हे असं काही टिपावं म्हणून तर मी त्यांना इथे आणलं होतं, आणि कॅमेरा नेमका ऋजुताच्या बांगड्यांवर होता.

चारही गोळे गायीपुढे गेले. तीन दिवस सावलीत वाळवलेले तांदूळ. त्यानंतर ऋजुताने राइस नूडल्स म्हटलं ते सहाव्यांदा. मी तिला बाजूला घेऊन खळ्यात आणलं आणि सांगितलं की या पदार्थाला नाव आहे, ते चार अक्षरांचं आहे आणि ते म्हणायला जीभ जळत नाही. लोकांना ओळखीचं वाटावं लागतं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मग लोकांनी ओळख करून घ्यावी. अन्न नासलं त्याबद्दल बोलले, पाट्याबद्दल बोलले, नऊवारीबद्दल बोलले. दोन बायकांच्या अंगात चाळीस वर्षांचं काम मुरलंय आणि तुम्ही त्यांना सामानासारखं इकडून तिकडे सरकवताय, असंही म्हटलं. मला माझा संताप फार न्याय्य वाटत होता. ती शांतपणे ऐकून घेत होती.

“झालं?” तिने विचारलं. “बरं. शेवटचा भाग घेऊ या. तुम्ही सांगितलंत तसंच घेते.”

मी सांगितलं तसं म्हणजे काय, हे मी तिला विचारलं नाही. तिने ऐकलं, एवढ्यावर मी खूश झाले आणि आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

शेवटचा भाग असा होता. भागीमावशी चुलीपाशी, शालनकाकी साच्याखाली, मध्ये पाटावर ऋजुता. दारातून हेमा नारळाच्या रसाचं पातेलं घेऊन आली. वेलचीचा वास आला. पाण्यात शेवटच्या चारांतला एक गोळा होता. पाटकरने हात वर केला. या वेळी कोंबडाही आरवला नाही.

“मावशी, एक विचारू का?” ऋजुताचा आवाज एकदम मऊ झाला होता. “या साच्यावर तुम्ही दोघी जावा दरवर्षी बसता, पण अकरा वर्षं एकमेकींशी बोलला नाहीत. तुमच्या मुलीचं जुळलेलं लग्न यांच्या एका शब्दानं मोडलं. आणि तरीही तुम्ही यांच्याबरोबर शिरवाळे करता. हे कसं जमतं तुम्हाला?”

शिरवाळे. कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच तिने ते नाव बरोबर घेतलं.

गोळा वर आला. झारा आपटला नाही. पाण्यावर तो गोळा नुसता हलत राहिला.

गाडीतल्या त्या वीस मिनिटांत मी काय बोलले, ते आता सांगायला हवं. सोलांची गोष्ट मी तिला पहिल्यांदा सांगितली होती, तिला ती बाष्कळ वाटली. समुद्राकडचा फाटा जवळ आला होता. बातमीत धार नसेल तर ती आतल्या पानावर जाते, हे मला पाच वर्षांत कळलेलं होतं. मग मी खरी गोष्ट सांगितली. आईने ती मला एकदाच, दार लोटून घेऊन सांगितली होती आणि कुणाकडे बोलायची नाही म्हणून माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता.

हेमाला लहानपणी फेफरं यायचं. बाराव्या वर्षानंतर आलं नाही. तिला स्वतःला तो ताप म्हणूनच ठाऊक होता. बाविसाव्या वर्षी कणकवलीकडचं एक स्थळ आलं, दोन्हीकडून पसंती झाली, आणि मुलाची आई पाण्याला म्हणून विहिरीवर गेली असताना तिने सरळ विचारलं, मुलीला काही दुखणं वगैरे? विहिरीवर शालनकाकी होती. तिची पाठची बहीण असंच काहीसं लपवून दिलेली, आणि ती सासरी पहिल्या वर्षातच चुलीत पडली होती. शालनकाकीने जे होतं ते सांगितलं. स्थळ फिरलं. पुढची दोनही फिरली. हेमाला सांगण्यात आलं की पत्रिका जुळली नाही. भागीमावशीने त्या दिवसापासून जावेचं तोंड बघितलं नाही. पण दोघी भांडल्या कशावरून, हे गाव विचारणारच होतं, आणि खरं उत्तर हेमाच्या कानावर गेलं असतं. सोलांची गोष्ट गावात पहिल्यांदा सोडली ती शालनकाकीने. भागीमावशीने ती खोडली नाही. ठरवलं कोणीच नव्हतं. बोलत नसताना ठरवणार कसं? एका पोरीसाठी दोन शहाण्या बायकांनी अकरा वर्षं साऱ्या गावाकडून स्वतःला सोलांवरून भांडणाऱ्या म्हणवून घेतलं, आणि गावात माझी आई सोडून हे कुणाला माहीत नव्हतं.

आणि मी ते एका गाडीचं तोंड वळवायला खर्च केलं होतं.

हेमा पातेलं धरून उभी होती. तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा काकीकडे.

“वैनी,” शालनकाकी म्हणाली.

तिचा आवाज घोगरा होता आणि मान वर होती. भागीमावशीने तिच्याकडे वळून बघितलं.

“वैनी, सांगा ह्यांका. सोलांवरसून झाला ता. माजी सोलां तुमच्या दारापुढे गेली.”

भागीमावशीचे डोळे तिच्यावरून हलले नाहीत. काय काय त्या नजरेतून गेलं, ते मी वहीत लिहिलेलं नाही, कारण मला ते वाचता आलं नाही.

“होय,” ती अखेर म्हणाली. “सोलांवरसूनच. अर्धां खळां अडवल्यान हिणा.”

“अर्धां खंय? दोन हात.”

“चार. मिया मोजललंय.”

“बरां, चार. पण त्याच वर्षी तुमचे उडीद माज्या दारापर्यंत इल्ले, ता खंय गेला?”

“उडदाचां काढू नको आता, शालन.”

नाव तोंडातून गेलं आणि भागीमावशी थांबली. मग तिने झारा उचलला, गोळा काढला, साच्यात टाकला आणि दांड्यावर रेलली. खाली ताट फिरू लागलं. बारीक पांढऱ्या तारा न तुटता उतरत होत्या. ऋजुता पुढे वाकली.

“पण मला तर असं कळलं होतं की…” ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

भागीमावशी दांडा सोडून उभी राहिली. पदराने तिने हात पुसले, एक एक बोट. मला वाटलं, ती मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“शालन,” ती जावेला म्हणाली, “हिका वाटेक लाव. आणि हिच्या आयेक सांगान धाड, डबो मिया धाडतंय.”

अकरा वर्षांनी त्या दोघींत बोलून झालेलं पहिलं काम मला घराबाहेर काढण्याचं होतं. शालनकाकी गुडघ्यावर हात देऊन उठू लागली, तर हेमाने पातेलं खाली ठेवलं आणि काकीला बसायला सांगितलं. अजून तीन गोळे उरले होते. मी पोचवते, म्हणाली.

मी चपला घालत असताना ऋजुता मागून खळ्यात आली. तिचा चेहरा उजळलेला होता. किती छान झालं, असं ती म्हणाली, बोलल्या ना त्या शेवटी. मी तिला म्हटलं की तो प्रश्न पुसून टाक, आत्ता, माझ्यासमोर. तुला ते दाखवायचा काय अधिकार आहे, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“तुम्हीच तर सांगितलंत,” ऋजुता म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. “नसतं सांगितलंत, तर आम्ही एव्हाना समुद्रावर असतो.”

सकाळपासून तिच्यावर मी किती गोष्टींसाठी संतापले होते. कॅलेंडर, पाटा, चार गोळे, एक शब्द. त्या सगळ्या खऱ्या होत्या. आणि हे एक वाक्यही खरं होतं.

हेमा माझ्यापुढे चालत होती. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पायरीपाशी, जिथे त्यांची हद्द संपते, ती थांबली आणि वळली.

“तू पेपरवाली,” ती म्हणाली. “तू लिवतंस ता खरां आसता, असा सगळे म्हणतत. माका एक सांग. ती बाय माज्या लग्नाचां म्हणाली, ता काय?”

कोण, कधी, कुठे, काय, हे सांगण्याची मी रोजची भाकरी खात होते. एकाही बातमीचा खुलासा छापायची पाळी माझ्यावर आली नव्हती.

“तिचा कायतरीच,” मी म्हटलं. “शहरातली माणसां. आयकतत एक, बोलतत एक. सोलांवरसून झाला ता.”

हेमाने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

“चार हात,” ती म्हणाली.

“चार हात.”

“बरां,” असं म्हणून ती परत फिरली. तिला पटलं की नाही, हे मला कळलं नाही. तेवीस वर्षं झाली, अजून कळलेलं नाही. ती घराच्या दारात पोचली, तेव्हा आतून साच्याच्या दांड्याची करकर ऐकू आली आणि तिच्यावरून भागीमावशीचा आवाज, “शालन, ताट फिरय गो, झोपलंस काय?” झारा काही आपटल्याचं ऐकू आलं नाही.

कार्यक्रम पुढल्या महिन्यात लागला. ऋजुताने तिचा प्रश्न कापला होता. माझ्या सांगण्यावरून नव्हे, सोलांचं भांडण जास्त गोड दिसतं म्हणून. पडद्याच्या खाली पट्टी फिरत होती: अकरा वर्षांचा अबोला मिटला, आमच्या कार्यक्रमात. गावाने टीव्हीभोवती गर्दी करून ते बघितलं. बाजारात लोक मला थांबवून पाठ थोपटत होते. संपादकाने तीनशे शब्द मागितले, पहिल्या पानासाठी, माझ्या नावासह. खोटी बातमी जगभर गेली होती आणि ती खोटी आहे हे मला ठाऊक असून सांगता येत नव्हतं, कारण खरी छापायची तर हेमाचं नाव छापावं लागलं असतं. मी संपादकाला सांगितलं की त्यात बातमी काही नाही. तो म्हणाला, तुमच्यासारखीला एवढंही दिसत नाही? त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि ऋजुताचा येतो, आणि पाठ थोपटणाऱ्या प्रत्येक हाताचा. त्यांच्यावर रागावणं सोपं आहे.

आईला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. तिने ऐकलं, आणि उठून तुळशीपुढे दिवा लावायला गेली. चार दिवस तिने मला जेवायला वाढलं, बोलली नाही.

तुळसकरांच्या दोन्ही घरांचा साचा आता एकाच ठिकाणी राहतो. मधल्या भिंतीला दार पाडलंय म्हणे. मी बघितलेलं नाही. गडग्याच्या त्या पायरीच्या आत मी परत गेले नाही आणि मला कोणी बोलावलं नाही. तुळशीच्या लग्नाला संध्याकाळी हेमा आमच्याकडे डबा घेऊन येते, आईशी बसून बोलते, माझी खुशाली विचारते. डब्यात शिरवाळ्यांची चार वेटोळी असतात आणि किटलीत रस. आई-बाबांची दोन-दोन. एखादं वर्ष बाबा मला एक देऊ करतात. मी घेत नाही.

आमच्या घरात माणसं तीन. भागीमावशीला मोजता येत नाही, असं नाही.